मेलेलं ढोर आणि निळी माशी
(व्याख्यानमालेतील भाषणाचा मुद्रित मजकूर)



ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या जिल्ह्यातल्या व्याख्यानमालेत तासभर माशीवर बोलायचं हे जरा धाडसच आहे. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'माशी' म्हणालो. पलीकडून आनंदानं विचारणा झाली, "मधमाशी ना, साहेब?" मधमाशीवर बोललो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण ज्या डॉक्टरसाहेबांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांचा जन्म जनावरांच्या जखमा धुण्यात गेला. त्यांच्या हाताखाली मी उमेदवारी केली. त्या दवाखान्यात पावसाळा सरताना ज्या प्राण्याशी आमची रोज गाठ पडे, तो प्राणी ही माशी होती. तिला टाळून त्यांची आठवण काढणं मला जमणार नाही.

आधी ओळख करून देतो. आपल्या ताटावर बसते ती घरमाशी. करडी, पाठीवर चार काळसर रेघा. मी बोलतो आहे ती निळी माशी तिच्यापेक्षा जाड, अंगावर हिरवी-निळी धातूसारखी झळाळी असलेली, मोठ्या विटकरी डोळ्यांची. खोलीत शिरली की दिसायच्या आधी ऐकू येते. शास्त्रात या कुळाला कॅलिफोरिडी म्हणतात. आपल्याकडे यातल्या दोघींशी मुख्य संबंध. पहिली क्रायसोमिया मेगासेफाला. ही मेलेल्या जनावरावर, उघड्या विष्ठेवर, सुकत घातलेल्या मासळीवर वाढते. दुसरी क्रायसोमिया बेझियाना. दिसायला जवळपास तशीच, पण हिच्या अळ्यांना मेलेलं मांस नको, जिवंत लागतं. गाईच्या, बैलाच्या, माणसाच्याही उघड्या जखमेच्या काठावर ही अंडी घालते. जखमेत किडे पडले, आसड्या झाल्या असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ही दुसरी बाई तिथं येऊन गेलेली असते.

आता एक उदाहरण घ्या. संकरित गाईला गोऱ्हा झाला. तो नांगराला चालत नाही, दूध देत नाही, त्यामुळे कुणाला नको असतो. एके दिवशी तो चारीच्या कडेला मरून पडला. सकाळचे आठ वाजले आहेत. काही मिनिटांतच पहिली मादी वासावर येते. ती कातड्यावर वेळ घालवत नाही. डोळ्याचा कोपरा, नाकपुडी, जिभेखालची जागा, शेपटीखाली, म्हणजे जिथं ओल आहे आणि ऊन नाही तिथं ती जाते. एका मादीची एका वेळची अंडी दीडशे ते तीनशे. पांढरी, दीड मिलिमीटरची, एकमेकांना चिकटलेली. दुपारपर्यंत अशा पुष्कळ माद्या येऊन गेलेल्या असतात. आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात अंडी दिवसभराच्या आत फुटतात. अळ्या आत शिरतात आणि गठ्ठ्यानं खातात. त्या गठ्ठ्यात हात घातला तर चटका बसावा इतकी ऊब असते, कारण एवढे जीव एकत्र खात असले की स्वतःची उष्णता तयार होते. चौथ्या-पाचव्या दिवशी पोट भरलेल्या अळ्या, बहुतेक रात्री, सांगाडा सोडून निघतात आणि आसपासच्या भुसभुशीत मातीत शिरतात. तिथं त्यांचा तपकिरी कोष होतो. गोऱ्हा मेल्यापासून दुसरा आठवडा संपायच्या सुमाराला माती फोडून माश्या वर येतात. एका गोऱ्ह्यातून हजारोंनी. कोषातून निघालेल्या माशीच्या कपाळावर फुगणारी एक पिशवी असते, तिनं ती माती बाजूला सारत वर येते. म्हणून दोन फुटांचा सैल खड्डा करून वर चार फावडी माती ओढली की काम झालं, असं समजू नका.

हे सगळं लोकांना कधी कळलं? युरोपात १६६८ साली फ्रांचेस्को रेदी नावाच्या इटालियन वैद्यानं मांसाच्या बरण्या काही उघड्या, काही झाकून ठेवल्या आणि दाखवून दिलं की किडे मांसातून आपोआप होत नाहीत, माशीमुळे होतात. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत माशी व्रणावर बसून कृमी टाकते हे कितीतरी आधी नोंदवलेलं आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट, पण तो अभिमान आपल्याला फारसा उपयोगी पडला नाही. कारण आजही कुणाच्या जखमेत किडे पडले की घरचे लोक आधी पाप-पुण्याचा हिशेब काढतात. 'किडे पडतील' हा आपल्याकडे शापच आहे. मग म्हाताऱ्याच्या पायाला झालेलं लपवलं जातं, आणि दवाखाना गाठेपर्यंत बोटं गेलेली असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. त्या गोऱ्ह्याला आठवडाभर तिथं पडू कोणी दिलं?

पूर्वी तो पडून राहत नसे. एक कारण आकाशात होतं. गिधाडांचा मोठा थवा असेल तर ढोर तासाभरात साफ व्हायचं. अंडी फुटायला निदान अर्धा दिवस लागतो. म्हणजे माशीनं अंडी घातली तरी ती फुटायच्या आधी पानच उचललेलं असे. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र की सडलेल्या मांसातले बहुतेक जंतू तिथं मरतात. १९९०च्या दशकात हा पक्षी दिसेनासा झाला. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागलं होतं. ताप, सूज, लंगडणं, सगळ्यावर चालायचं. ते इंजेक्शन दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होत. २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून हे उघड झालं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के संपली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद झालं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये ती बाटली तीन मिलिलिटरची करावी लागली. २०२३ मध्ये जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकही बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं. दुकानात औषध मागताना नाव घेऊन मागा, एवढं इथल्या दूधवाल्यांना सांगतो आणि पुढे जातो.

अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली एक हिशेब मांडला. जिथं पूर्वी गिधाडं भरपूर होती, तिथं ती गेल्यावर माणसांचे मृत्यू वाढले का? त्यांचं उत्तर असं की २००० ते २००५ या काळात देशात वर्षाला सुमारे एक लाख जादा मृत्यू झाले. त्यात पिसाळलेली कुत्री आहेत, नासलेलं पाणी आहे. माशीचा वाटा त्यांनी वेगळा काढलेला नाही, आणि मीही काढणार नाही. पण कुत्रं, नासलेला ओढा आणि निळी माशी, तिघांचं पोट एकाच ढोरावर भरत होतं.

दुसरं कारण जमिनीवर होतं, आणि त्याबद्दल बोलताना आवाज जरा खाली येतो. मेलेलं ढोर ओढणं हे गावकीचं काम होतं आणि ते जातीनं ठरलेलं होतं. महार वतनात जी कामं गळ्यात बांधलेली होती त्यात हेही होतं. मोबदल्यात बलुतं आणि हाडकी-हाडोळ्याची जमीन. आजही कित्येक गावांच्या शिवारात 'हाडोळा' नावाचा तुकडा सापडेल. गावाबाहेर ढोरफोडीची जागा असे. दया पवार आपल्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांच्या १९७८ साली आलेल्या 'बलुतं'मध्ये ही व्यवस्था आतून कशी दिसत होती ते आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं, माझ्यासारख्या जनावरांच्या डॉक्टरानं सांगण्याची ती गोष्ट नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेली ढोरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा असं आवाहन केलं. लोकांनी ते मनावर घेतलं. बहिष्कार सोसले, पण काम सोडलं.

ते काम सुटलं हे उत्तमच झालं. माझा प्रश्न उरलेल्या गावाला आहे. १९५८च्या कायद्यांनी एकीकडे ही वतनं रद्द केली आणि दुसरीकडे ग्रामपंचायतींकडे गावाची स्वच्छता आणि आरोग्य सोपवलं. एका हातानं जुनं काढलं, दुसऱ्या हातानं नवं दिलं, अशी ती रचना होती. आपण पहिला भाग घेतला, दुसरा विसरलो. ढोर ओढण्याचं काम जातीकडून काढून पंचायतीकडे द्यायचं होतं, ते कुणाकडेच गेलं नाही. काही वर्षं गिधाडांनी आपली लाज झाकली. ती गेल्यावर राहिली ती कुत्री आणि माश्या. ढोर चारीत लोटायचं, रात्री ट्रॅक्टरनं ओढून शेजारच्या गावाच्या हद्दीत टाकायचं, घाटाच्या वळणावरून खाली सोडायचं, हे सगळे प्रकार मी पाहिलेले आहेत.

२०१५च्या मार्चपासून राज्यात गोवंश हत्याबंदी बैल आणि गोऱ्ह्यांनाही लागू झाली. तिच्या बाजूनं किंवा विरुद्ध बोलायची ही जागा नाही. पण तेव्हापासून थकलेला बैल आणि नको असलेला गोऱ्हा गावातच मरणार हे नक्की झालं, आणि त्याची सोय गावानंच करायची हेही ओघानं आलं. दुधाच्या धंद्यावर उभ्या असलेल्या आपल्यासारख्या जिल्ह्यात हे आकडे लहान नसतात.

आता या माशीमुळे होतं काय? इथं मला थोडी शिस्त पाळायची आहे, कारण माशीच्या नावावर वाटेल ते खपवलं जातं.

ही माशी चावत नाही. तिला डंख नाही, दात नाहीत, तोंडाशी चोखणारा स्पंज आहे. घट्ट पदार्थ दिसला की ती त्यावर पोटातला थेंब ओकते, पदार्थ विरघळवते आणि शोषते. पायांना चिकट गाद्या आणि केस. त्यामुळे विष्ठेवरून उठून गुऱ्हाळातल्या गुळावर किंवा हातगाडीवरच्या टरबुजाच्या फोडीवर बसली की ती तीन वाटांनी घाण सोडते: पायांनी, ओकून आणि शिटून. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या खंडांतल्या ११६ घरमाश्या आणि निळ्या माश्या पकडून त्यांच्या अंगावरच्या जंतूंची जनुकीय तपासणी केली, तेव्हा शेकडो जातींचे जीवाणू निघाले. पाय आणि पंख यांवर सर्वांत जास्त वैविध्य. त्याच्याही कितीतरी आधी, १९४१ साली, अमेरिकेत पोलिओची साथ चालू असलेल्या शहरांत पकडलेल्या माश्यांमध्ये अल्बर्ट सेबिन यांना पोलिओचा विषाणू सापडला होता. पुढे तोंडातून द्यायची लस ज्यांच्या नावानं ओळखली गेली तेच हे सेबिन. जंतांची अंडी, हगवणीचे, विषमज्वराचे, पटकीचे जंतू, सगळे माश्यांवर वेळोवेळी सापडलेले आहेत.

पण अंगावर जंतू सापडणं वेगळं आणि तिच्यामुळे माणूस आजारी पडणं वेगळं. ते सिद्ध करायचं तर माश्या कमी करून जुलाब कमी होतात का ते पाहावं लागतं. असे प्रयोग झालेले आहेत. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या पाकिस्तानातल्या अभ्यासात फवारणी केलेल्या गावांत लहान मुलांचे जुलाब सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. इस्रायलच्या लष्करी छावण्यांत सापळे लावून माश्या कमी केल्या, तिथंही हगवण उतरली. मात्र या अभ्यासांचा रोख मुख्यतः घरमाशीवर होता. निळी माशी घरात कमी शिरते. जुलाबाच्या गुन्ह्यात तिला मी साथीदार म्हणेन, मुख्य आरोपी म्हणणार नाही. अपवाद एकच, जिथं उघड्यावर बसण्याची सवय आहे ती जागा. मेगासेफालाला जगभर संडासमाशी म्हणूनच ओळखतात. हिवरेबाजारच्या सप्तसूत्रीत कुऱ्हाडबंदी, चराईबंदीच्या बरोबरीनं लोटाबंदी, म्हणजे उघड्यावर शौचाला बंदी, होती. पाणलोटाचं कौतुक करणारे पाहुणे बांध-बंधारे बघून जातात, लोटाबंदीकडे त्यांचं लक्ष जात नाही. माझ्या मते आरोग्याच्या हिशेबात ती बंधाऱ्यांच्या तोडीची आहे.

आणि माशीला शिवेची ओळख नाही. शिर्डीला साईबाबांनी गहू दळून पीठ गावाच्या वेशीवर टाकायला लावलं आणि महामारी हटली, ही कथा साईचरित्रात अगदी सुरुवातीला येते. श्रद्धेची गोष्ट आहे, मी तिला हात लावत नाही. तिच्यामागची त्या काळातल्या गावाची भीती मात्र समजते: रोग वेशीवरून आत येतो. निळी माशी काही किलोमीटर सहज उडते. शेजारच्या गावाच्या हद्दीत लोटलेलं ढोर पंधरवड्यात आपल्याच गावात परत येतं, पंख लावून.

जनावरांच्या रोगांत तिची भूमिका अधिक स्पष्ट आहे. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात असं आढळलं की या रोगानं मेलेल्या जनावरावर पोट भरून निळ्या माश्या जवळच्या झुडपांवर बसतात, पानांवर ओकतात, शिटतात, आणि ती पानं ओरबाडून खाणाऱ्या हरणांना रोग होतो. आपल्याकडची शेळी काय खाते ते सांगायला नको. म्हणून एखादं जनावर अचानक मेलं, नाका-गुदद्वारातून न गोठणारं काळं रक्त आलं, तर ते फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही, पशुवैद्यकाला बोलवायचं. कोंबडीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना: मेलेली कोंबडी शेडमागे फेकली, तिच्यात अळ्या झाल्या आणि त्या बाकीच्या कोंबड्यांनी टिपल्या, तर अळ्यांतल्या विषानं मान टाकून पक्षी मरतात. त्याला बॉट्युलिझम म्हणतात. अळी स्वतः मरत नाही, तिला त्या विषाचं काही वाटत नाही.

जनावरांची लंपीची साथ आपल्याला विसरता येणार नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये जळगावकडून बातम्या आल्या आणि बघता बघता नगर जिल्हा सर्वाधिक फटका बसलेल्यांत गेला. सप्टेंबरात राज्यातले जनावरांचे बाजार बंद झाले. घोडेगाव, काष्टीचे आठवडे बाजार ओस पडले. लंपी पसरवणारे जीव वेगळे: रक्त पिणारी गोठ्यातली माशी, डास, गोचीड. निळ्या माशीनं लंपी आणला नाही. पण गाठी फुटून जखमा झाल्या तेव्हा ती आली. लंपीतून वाचलेली गाय किड्यांनी हातची जाते की काय, अशी अवस्था मी कित्येक गोठ्यांत पाहिली. एरवीही तिला वाट करून द्यायला आपल्याकडे जागा कमी नाहीत. लाळ्या-खुरकुतानं फाटलेले खूर, नुकत्याच जन्मलेल्या वासराची ओली नाळ, शिंगाचा कर्करोग, मेंढीची लोकर कातरताना लागलेली कात्री, जुवानं सोललेला खांदा.

तो खांदा जरा जवळून दाखवतो. कारखान्याच्या गाडीतळावर ऊसतोड कामगाराचा बैल. खांदेसूज आधीपासून होती, कातडं गेलं, वर हळद आणि डांबर फासलेलं. वरून जखम रुपयाएवढी दिसते. वास मात्र वेगळाच, गोडसर. कडेची कातडी दाबली की आत काहीतरी हलतं. बेझियानाच्या अळ्या डोकं खाली खुपसून, शेजारी शेजारी उभ्या गच्च बसलेल्या असतात. श्वास त्या मागच्या टोकानं घेतात, म्हणून वर फक्त ती टोकं दिसतात, प्रत्येकावर दोन काळे ठिपके. अंगावर काट्यांची कडी असल्यामुळे ओढलं की त्या आणखी आत रुततात. टर्पेंटाइन तेलात भिजवलेला बोळा जखमेच्या तोंडाशी धरायचा. वर हवा मिळेनाशी झाली की त्या बाहेर येऊ लागतात, मग चिमट्यानं एकेक काढायची. घाई करून अर्धी तुटली तर आत राहिलेला भाग सडतो. पहिल्या दिवशी सगळ्या निघत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग जंतुनाशकानं धुणं, माशी बसू नये असं मलम, आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं आयव्हरमेक्टिन. आमचे डॉक्टरसाहेब बैलाच्या मालकाला तिथंच बसवून घेत आणि चिमटा त्याच्या हातात देत. "उद्या मी नसणार, बैल तुझाच असणार," असं म्हणत. सीताफळाच्या पाल्याचा रस घालणारे शेतकरीही आहेत. त्या पानांत, विशेषतः बियांत, कीटकनाशक गुण खरोखरच आहे, त्यामुळे तो उपाय मी हसण्यावारी नेत नाही. पण बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो. आणि रॉकेल, बॅटरीचं पाणी, फिनेल असले प्रकार करू नका. त्यानं किड्यांबरोबर मांसही मरतं, आणि मेलेल्या मांसावर मेगासेफाला येते.

माणसाच्या जखमेतही हेच घडतं. मधुमेहानं पाय बधिर झालेला माणूस, अंथरुणाला खिळलेली आजी, कान फुटलेलं पोर, पीनस झालेलं नाक. जिथं बधिरता आहे किंवा हात पोचत नाही, तिथं माशी बसते. हालचाल करणारा माणूस तिला जखमेवर अंडी घालू देत नाही. म्हणून माणसाच्या जखमेत किडे सापडले की रोगाच्या आधी मी एक प्रश्न विचारतो: या माणसाला शेवटचं कोणी आंघोळ घातली, आणि केव्हा? शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली सेवा प्रतिष्ठान ही संस्था रस्त्यावर टाकलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना घर देते. तिथल्या कामाची सुरुवात औषधाच्या आधी पाणी, साबण आणि कात्रीपासून होते असं म्हटलं तर चुकीचं ठरू नये.

जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं, तेव्हा कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढायची पद्धत होती. बधिर तळव्याला जखम, ती दिसत नाही, दुखत नाही. त्यांनी रोग्याला घरातच ठेवून उपचार करायचं ठरवलं आणि जखमा धुवायला गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, दलित होत्या. हे काम बघायला पुढे जगभरातून लोक आले, १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातली एकच गोष्ट इथं हवी आहे. रोज तळवा उलटा करून बघणारं कुणीतरी असलं की माशीला दोन दिवस मिळत नाहीत. फवारणीचा पंप जे करू शकत नाही ते त्या बाईच्या नजरेनं होत होतं.

जाता जाता माशीची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर या अमेरिकन शल्यवैद्याला दोन सैनिक सापडले, कित्येक दिवस रणांगणावर पडून राहिलेले. जखमा किड्यांनी भरलेल्या, पण खाली मांस लालबुंद, निरोगी. त्या जातीच्या अळ्या फक्त मेलेलं मांस खात होत्या. पुढे त्यांनी हाडाच्या जुनाट व्रणांवर अळ्या सोडून उपचार केले, आणि २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं निर्जंतुक अळ्यांना रीतसर मान्यता दिली. हे ऐकून घरी कुणी प्रयोग करू नये. आपल्या गोठ्यातल्या माशीनं वैद्यकी शिकलेली नाही.

मग करायचं काय? फवारणीवर माझा फारसा विश्वास नाही. ढोर पडून आहे तोवर फवारणी म्हणजे गळक्या छपराखाली फडकं मारणं. काम आहे ते ढोर वेळेत उचलण्याचं, आणि वेळ म्हणजे तोच दिवस. लंपीच्या साथीत आपण ते केलं. मेलेलं जनावर खोल खड्ड्यात, चुना टाकून, माती दाबून पुरायचं असा आदेश होता. मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत होती. तिच्यासाठी पंचनामा लागायचा, त्यामुळे ढोर रात्रीतून गायब होणंही थांबलं. गावोगावी जेसीबी आला. खड्डा खणला, पट्टा बांधून जनावर उतरवलं, माती लोटली, बकेटनं दाबली. तासाभराचं काम. जेसीबीवाल्याची जात कुणी विचारली नाही, सगळ्यांनी तासाचा दर विचारला.

साथ ओसरली आणि ते बंद पडलं. आता पुन्हा चारी आहे, घाट आहे, शेजारची हद्द आहे. विहिरी-ओढ्यांपासून लांब, पाणी न साचणारी एक जागा नेमायची, तिला कुंपण घालायचं, एका जेसीबीवाल्याशी वर्षाचा करार करायचा, एक फोन नंबर पंचायतीच्या भिंतीवर लिहायचा, आणि उचलणाऱ्या माणसाला हातमोजे, बूट आणि धडाची मजुरी द्यायची. ज्याचं जनावर मेलं त्याच्यावर पैशाचा भार टाकू नका, टाकलात की तो रात्रीचा ट्रॅक्टर काढतो. एवढा खर्च कोणत्याही ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात एका ओळीत बसतो. आमच्या गावच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांना मी हे सुचवलं. ते म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण ही ओळ 'आरोग्य' शीर्षाखाली घालायची की 'स्वच्छता', ते ठरत नाही. मी म्हटलं, भाऊसाहेब, दोन्हीकडे अर्धी अर्धी घाला.